रात्रीचा श्वास आणि दिवसाची दृष्टि

दिवाळी सरतां सरतां भंडारा जिल्ह्यांत गांवोगांवच्या मंडया सुरू होतात. दिवसां बाजार, रात्रीं दंडार किंवा झाडीपट्टीचें नाटक, आणि मंडपांत पहाटेपर्यंत दाटीवाटीनें बसलेलीं माणसें, असा हा हंगाम असतो. अशा रात्रीनंतरच्या सकाळीं कोणाचे डोळे लाल दिसले, कोणी भिंतीस टेकून बसल्या बसल्या डुलकी घेतली, तर त्याचें कोणासहि नवल वाटत नाहीं. जागरण केलें म्हणजे डोळे चुरचुरणारच. परंतु त्याच गांवांत एखादा गृहस्थ असा असतो, कीं ज्यानें नाटकाच्या मंडपाचें तोंडहि पाहिलेलें नसतें. तो रात्रीं नवाला अंथरुणास पाठ लावतो आणि सकाळीं सहाला उठतो. तरीहि त्याचे डोळे जागरण केलेल्या माणसाप्रमाणें लाल, पाणावलेले व चिकटलेले असतात; डोकें जड असतें; आणि दुपारीं वर्तमानपत्र हातांत घेतलें, कीं दुसऱ्याच ओळीला मान खालीं येते. जागरण त्याचें झालेलें नसतें. तें त्याच्या शेजारीं निजणाऱ्यांचें झालेलें असतें. कारण त्याचें घोरणें माजघरांतून ओसरीपर्यंत ऐकूं येतें.

या गृहस्थाच्या दोन तक्रारी दोन वाटांनीं जातात. डोळ्यांची तक्रार नेत्रवैद्याकडे जाते व तेथें डोळ्यांत घालावयाचे थेंब मिळतात. घोरण्याची तक्रार कोठेंच जात नाहीं. तिचा घरांत विनोद होतो, कुंभकर्णाचें नांव निघतें, आणि पत्नी निमूटपणें आपलें अंथरूण दुसऱ्या खोलींत नेते. वस्तुतः या दोन तक्रारी पुष्कळदां एकाच रोगाचीं दोन टोकें असतात; आणि दुसरी हसण्यावारी नेल्यामुळें पहिलीचें मूळ सांपडत नाहीं.

त्या रोगाचें नांव स्लीप ॲप्निया. मराठींत त्यास निद्राश्वासरोध म्हणतां येईल. माणूस जागा असतो तोंवर घशाचे स्नायु श्वासाची वाट मोकळी ठेवतात. झोंप लागली म्हणजे ते सैल पडतात, जीभ मागें सरते व टाळूचा मऊ भाग खालीं लोंबतो. अरुंद झालेल्या वाटेनें जाणाऱ्या हवेमुळें हे मऊ भाग थरथरतात. तोच घोरण्याचा आवाज होय. येथवरचा प्रकार शेजाऱ्यांस त्रासदायक असला, तरी भयंकर नव्हे. परंतु कांहीं लोकांत ही वाट अजिबात मिटते. छाती व पोट वरखालीं होत राहतात, श्वास घेण्याची धडपड चालूच असते, पण हवा आंत जात नाहीं. इतका वेळ घुमणारा आवाज एकाएकीं थांबतो. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, उच्छ्वासावाटे बाहेर टाकावयाचा कर्बवायु सांचूं लागतो, नाडी व रक्तदाब हेलकावे खातात. अखेरीस मेंदु संकट ओळखून क्षणमात्र जागा होतो. माणूस गुदमरल्यासारखा मोठ्यानें श्वास ओढतो, कूस बदलतो आणि पुन्हां घोरूं लागतो. सकाळीं त्यास यांतलें कांहींएक आठवत नाहीं.

निदान दहा सेकंद टिकणारा असा खंड वैद्य हिशोबांत धरतात. श्वास पूर्ण थांबणें आणि तो बराचसा उणावणें, हे दोन्ही प्रकार मिळून प्रौढ माणसांत तासाला ५ च्या आंत असले तर ते स्वाभाविक समजले जातात. ५ ते १५ पर्यंत रोग सौम्य, १५ ते ३० पर्यंत मध्यम, आणि त्यापुढें तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांस एक खंड. सात तासांच्या झोंपेंत २१० खंड. ज्यास घरांतले लोक गाढ झोंप म्हणतात, तिच्यांत तो मनुष्य दोनशेंहून अधिक वेळां गुदमरून अर्धवट जागा झालेला असतो.

हा रोग नवा नाहीं. त्याची ओळख मात्र नवी आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६-३७ सालांतील कादंबरींत जो नांवाचा एक लठ्ठ व सदा पेंगणारा पोरगा आहे. १९५६ सालीं बर्वेल या अमेरिकन वैद्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशाच एका स्थूल आणि झोंपाळू रोग्याचें वर्णन करतांना रोगास पिकविकचेंच नांव दिलें. १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी या देशांतील संशोधकांनीं झोंपलेल्या रोग्यांच्या श्वासाचे आलेख घेऊन, दिवसाच्या पेंगेचें मूळ रात्रीं वारंवार थांबणाऱ्या श्वासांत आहे, असें दाखवून दिलें. तथापि तीव्र रोगावर गळ्यास छेद देऊन श्वासनलिका उघडण्यावांचून दुसरा प्रभावी उपाय बराच काळ नव्हता. १९८१ सालीं सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे सतत सौम्य दाबानें हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. आज सीपॅप या नांवानें ओळखलें जाणारें यंत्र तें हेंच.

त्याच १९८१ सालीं कल्बर्टसन व ऑस्टलर या दोघां नेत्रवैद्यांनीं पापणीच्या एका चमत्कारिक विकाराचें वर्णन केलें. त्यांच्या स्थूल पुरुष रोग्यांच्या वरच्या पापण्या रबरासारख्या सैल पडल्या होत्या व सहज उलट्या होत होत्या. एकीकडे घशाचा उपाय, दुसरीकडे पापणीचा विकार. साल एकच, परंतु वैद्यकाच्या शाखा दोन. पापणीचे हे रोगी आणि निद्राश्वासरोधाचे रोगी पुष्कळदां एकच असतात, हें ध्यानांत येण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. घरांतल्या दोन तक्रारी ज्याप्रमाणें दोन वाटांनीं जातात, त्याचप्रमाणें त्या विद्वानांच्या जगांतहि दोन वाटांनींच गेल्या होत्या.

श्वास घशांत अडतो, तर त्याची झळ डोळ्यांस कां लागावी? डोळे मिटले म्हणजे त्यांचें काम संपलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती खरी नव्हे. डोळ्याच्या मागच्या बाजूस जें दृष्टिपटल असतें, त्याची गणना वजनाच्या मानानें सर्वांत अधिक प्राणवायु खर्च करणाऱ्या अवयवांत होते. त्यावरील प्रकाश टिपणाऱ्या पेशींत काळोखांत एक सूक्ष्म विद्युत्प्रवाह सतत वाहत असतो आणि उजेड पडला म्हणजे तो उणावतो. म्हणून या पेशींस उजेडापेक्षां अंधारांतच प्राणवायु अधिक लागतो. ज्या घटकेस डोळ्याची मागणी वाढते, नेमक्या त्याच घटकेस घशाची वाट बंद पडत असेल, तर काय होईल, याची कल्पना भंडाऱ्याच्या रहिवाशांस तरी सांगावयास नको. कोहळी लोकांच्या पूर्वजांनीं बांधलेल्या येथल्या तलावांचें पाणी पाटानें एका बांधींतून दुसऱ्या बांधींत उतरतें. ऐन गरजेच्या दिवसांत पाट वरचेवर बंद पडूं लागला, तर पाळीलगतच्या बांधीस तें लवकर जाणवत नाहीं. टोकाची बांधी मात्र भेगाळते. डोळ्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शरीराच्या पाटांतल्या अशाच टोकाच्या बांधीजवळ आहेत.

या रोगाशीं संबंध असलेले नेत्रविकार अनेक आहेत. त्यांपैकीं सैल पापणीचा विकार सर्वांत सौम्य. झोंपेंत पापणी उशीवर घासून उलटते, डोळा उघडा राहतो, आणि सकाळीं तो लाल, चिकट व खुपणारा होतो. ज्या कुशीवर माणूस निजतो, त्या बाजूचा डोळा बहुधा अधिक बिघडतो. थेंबांनीं तात्पुरतें बरें वाटतें; परंतु रोज रात्रीं कारण कायम राहिल्यामुळें रोज सकाळीं कार्यहि कायम राहतें.

दुसरा विकार अत्यंत दारुण आहे. सकाळीं जाग येते आणि एका डोळ्यापुढें, बहुधा खालच्या किंवा वरच्या अर्ध्या भागांत, अंधार पसरलेला असतो. वेदना नाहीं, लाली नाहीं. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुखाशीं रक्ताचा पुरवठा तुटल्यामुळें हें घडतें. निद्राश्वासरोध असलेल्यांत हा विकार इतरांपेक्षां अधिक आढळतो. गेलेली दृष्टि अशा वेळीं बहुतांशीं परत येत नाहीं. दुसऱ्या डोळ्याचें रक्षण करणें मात्र उरतें, आणि त्यासाठीं रात्रीच्या श्वासाची चौकशी होणें अगत्याचें असतें.

तिसरा विकार काचबिंदु. त्यांत तोच मज्जातंतु हळूहळू झिजतो. दृष्टीच्या कडा आधीं जातात, मध्यभाग शेवटपर्यंत टिकतो, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळें रोग्यास पुष्कळ उशिरापर्यंत पत्ता लागत नाहीं. निद्राश्वासरोध व काचबिंदु यांचा संबंध अनेक संशोधनांत दिसून आला आहे. कांहींत तो दिसलेला नाहीं. म्हणून घोरणाऱ्या प्रत्येकास काचबिंदु होईल, असें कोणी समजूं नये. परंतु डोळ्यांतील दाब मापांत असूनहि काचबिंदु वाढत असेल, तर नेत्रवैद्यानें रोग्याच्या झोंपेविषयीं विचारावें, इतकें म्हणण्यास आधार पुरेसा आहे. याशिवाय मधुमेहानें दृष्टिपटलास होणारी इजा या रोग्यांत अधिक आढळते. आणि क्वचित् सांचलेल्या कर्बवायूमुळें मेंदूंतील रक्तवाहिन्या फुगून व मस्तकांतील दाब वाढून दृष्टीच्या मज्जातंतूवर सूज येते. सकाळीं उठतांच डोकें दुखणें ही त्याची एक खूण असूं शकते.

मोतीबिंदु आणि काचबिंदु यांतील भेद येथें विशेष स्पष्ट केला पाहिजे. भारतांत अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालीं सुरू झाला आणि शिबिरांच्या द्वारें मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया गांवोगांव पोंचल्या. त्याचा एक परिणाम असा, कीं वयोवृद्ध माणसास कमी दिसूं लागलें, कीं घरचे म्हणतात, “मोतीबिंदु असेल, पिकला म्हणजे काढूं.” मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें परत मिळते. काचबिंदूनें गेलेली दृष्टि मिळत नाहीं. जो गृहस्थ धानाच्या दोन हंगामांपुरती वाट पाहतो, तो मोतीबिंदु असल्यास दोन वर्षें गमावतो. काचबिंदु असल्यास डोळा गमावतो.

भंडाऱ्यास या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. विदर्भाच्या पूर्व भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच पसरलेला आहे. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या वैद्यांनीं मध्य भारतांतील या विकाराची नोंद १९५८ सालींच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत केली होती; आणि १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान सुरू केलें. या विकारांत प्राणवायु उणावला, कीं रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. दृष्टिपटलाच्या कडेच्या वाहिन्याहि त्यांतून सुटत नाहींत. अशा मुलांच्या घशांतील टॉन्सिल व नाकामागील ॲडिनॉइड या गांठी पुष्कळदां वाढतात आणि त्यांच्यांत निद्राश्वासरोध अधिक आढळतो. म्हणजे पेशींस विळ्याचा आकार घेण्यास जें कारण लागतें, तें झोंपेंतच रोज रात्रीं उत्पन्न होतें. सिकलसेलचें मूल तोंड उघडें टाकून घोरत असेल, तर तें गोड झोंपलें आहे असें न समजतां त्याचा घसा व डोळे दोन्ही दाखवावे.

२०२० सालच्या साथींत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेंत घरोघर बोटावर लहानसें यंत्र लावून प्राणवायु मोजला गेला आणि तेव्हांपासून ऑक्सिमीटर हें नांव खेड्यापाड्यांतहि परिचित झालें. दिवसां त्या यंत्रांत अठ्ठ्याण्णव दिसलें म्हणून रात्रीची निश्चिंती मानणें मात्र चुकीचें होय. या रोग्यांपैकीं बहुतेकांचा प्राणवायु जागेपणीं उत्तम असतो. रात्रभर श्वास, प्राणवायु, नाडी व झोंप यांचा आलेख घेतल्यावांचून निदान पक्कें होत नाहीं. ही तपासणी कांहींची निद्रा-प्रयोगशाळेंत, तर कांहींची लहान यंत्राच्या साहाय्यानें घरींहि होऊं शकते. भंडाऱ्यापासून नागपूर सुमारें ६० किलोमीटर आहे. मोतीबिंदूसाठीं जो प्रवास सहज केला जातो, तो घोरण्यासाठीं करणें हास्यास्पद वाटतें, एवढीच अडचण.

रोगाविषयींच्या गैरसमजुतीहि दूर केल्या पाहिजेत. स्थूल माणसांत तो अधिक होतो हें खरें. परंतु जबडा लहान किंवा मागें सरलेला असेल, तर सडपातळ माणसासहि तो होतो. पुरुषांत तो अधिक असला, तरी ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांतहि त्याचें प्रमाण वाढतें. आणि स्त्रियांच्या थकव्याचा दोष घरकामावर टाकून मोकळें होण्याची रीत असल्यामुळें त्यांचा रोग अधिकच झांकला जातो. घोरणारा प्रत्येक मनुष्य रोगी नसतो. परंतु घोरणें, मध्येंच थांबणें, गुदमरून श्वास ओढणें, दिवसां अनावर पेंग येणें आणि रक्तदाब वाढलेला असणें, या गोष्टी एकत्र आल्या तर त्यांस योगायोग म्हणूं नये. भंडारा, लाखनी, साकोली या गांवांवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. त्या चालविणाऱ्यास हा रोग असेल, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या डोळ्यांचा राहत नाहीं.

उपाय रोगाच्या तीव्रतेवर अवलंबून असतात. वजन कमी करणें, रात्रीं मद्य वर्ज्य करणें, उताणें न निजतां कुशीवर निजणें, यांनीं सौम्य रोगांत पुष्कळ उतार पडतो. मध्यम व तीव्र रोगांत सीपॅप यंत्र हा मुख्य आधार आहे. कांहींस जबडा पुढें धरणारी दंतपट्टी किंवा शस्त्रक्रिया उपयोगी पडते. यंत्रानें दिवसाची पेंग जाते, रक्तदाबास मदत होते आणि सैल पापणीचा त्रासहि कांहीं रोग्यांत कमी होतो. काचबिंदु त्यानें थांबतो, असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं; म्हणून यंत्र मिळालें या भरंवशावर डोळ्यांचे थेंब कधींहि बंद करूं नयेत. मुखवटा नीट बसला नाहीं, तर कडेनें निसटणारी हवा डोळ्यांवर येऊन ते कोरडे पडतात. तशी तक्रार असल्यास यंत्र माळ्यावर न टाकतां मुखवटा बदलून घ्यावा. यंत्र वापरणाऱ्या कांहीं रोग्यांत रात्रीं डोळ्यांतील दाब किंचित् वाढल्याचेंहि आढळलें आहे. तेव्हां ज्यास काचबिंदु आहे व यंत्रहि लावावें लागतें, त्यानें एका वैद्यास दुसऱ्याच्या उपचाराची माहिती अवश्य द्यावी. ज्यास निद्राश्वासरोध असल्याचें ठरलें आहे, त्यानें केवळ चष्म्याचा नंबर काढून न थांबतां डोळ्यांतील दाब, मज्जातंतूचें मुख व दृष्टीचें क्षेत्र या तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्या. आणि एका डोळ्यापुढें अकस्मात् अंधार आला, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा.

या सर्व प्रकरणांत रोगी हा स्वतःच्या रोगाचा साक्षीदार नसतो, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तो निजलेला असतो. साक्षीदार असते ती त्याची पत्नी, आई किंवा सून. आणि तिलाच वैद्याच्या खोलीबाहेरच्या बांकावर बसविण्यांत येतें. तिनें आंत जावें आणि सांगावें, कीं श्वास किती वेळ थांबतो, किती वेळां थांबतो, आणि मग कसा परत येतो. डोळ्याच्या वैद्यापुढेंहि हें सांगण्यास तिनें संकोचूं नये. वैद्यानेंहि तिला विचारावें.

येत्या दिवाळींत नागपूर, पुणें, मुंबई येथून मुलें घरीं येतील. मंडईच्या दिवसांत घर पाहुण्यांनीं भरेल, ओसरीवर अंथरुणें पडतील, आणि मध्यरात्रीं वडिलांचें घोरणें सुरू झालें म्हणजे नातवंडें तोंडावर पांघरूण ओढून हंसतील. त्या वेळीं मुलानें उशाशीं घड्याळ घेऊन बसावें. आवाज थांबला, कीं मोजावें. एक, दोन, तीन करीत अंक दहाच्या पलीकडे गेला, आणि असें पुनः पुनः होऊं लागलें, तर तो आकडा सकाळीं कागदावर लिहून ठेवावा. आणि डोळ्यांच्या तपासणीस जातांना तो कागद आणि तें घोरणें रोज ऐकणारी आई, दोघांनाहि बरोबर न्यावें.